५४ एमबीची सार्थ गाथा ई-रीडरवर रखडते: दोष यंत्राचा की फाइलचा?

ओवीवाचक

नमस्कार मंडळी. ई-रीडर सहा इंची आहे. पडदा १०७२ × १४४८ पिक्सेल, रॅम ५१२ एमबी, साठवण ८ जीबी आणि त्यातली ५ जीबी मोकळी. त्यावर तुकाराम गाथेची सार्थ आवृत्ती टाकली आहे. ईपब (ई-पुस्तकाची फाइल), डीआरएम म्हणजे नकलेला अटकाव करणारे कुलूप नाही, फाइलचा आकार ५४ एमबी.

लक्षणे अशी:

पुस्तक उघडायला ३५ ते ४० सेकंद. पान उलटायला ३-४ सेकंद, आणि विभागात जितके पुढे जावे तितका वेळ वाढतो. अनुक्रमणिका उघडायला १५ सेकंद, तिच्यात खाली सरकताना यंत्र पुन्हा अडकते. अक्षरांचा आकार बदलला तर मिनिटभर काहीच हलत नाही, दोनदा तर यंत्र आपोआप रीस्टार्ट झाले.

याच रीडरवर ४००-५०० केबीच्या कादंबऱ्या विनातक्रार चालतात. रीस्टार्ट करून पाहिले, वायफाय बंद ठेवले, वाचून झालेली पुस्तके काढून टाकली. फरक शून्य.

दोन प्रश्न आहेत. गाथेचे चार खंड करून चार वेगळ्या ईपब केल्या तर वेग येईल का? की जास्त रॅमचा रीडर घेण्याला पर्याय नाही?

---

अक्षरजुळारी

५४ एमबी हा आकडा आधी डोक्यातून काढा. ईपब म्हणजे झिप केलेला गठ्ठा. आत मजकुराच्या एक्सएचटीएमएल फाइली, मजकुराचे रूप ठरवणारी सीएसएस, चित्रे, फॉन्ट आणि अनुक्रमणिका असते. रीडर अख्खा गठ्ठा एका वेळी उघडत नाही. बहुतेक रीडर ज्या विभागात तुम्ही वाचत आहात तेवढीच एक्सएचटीएमएल फाइल उलगडतात, तिची पाने पाडतात आणि पडद्यावर आणतात. म्हणून एकूण वजनापेक्षा एका वेळी केवढा तुकडा चावायचा आहे हे महत्त्वाचे. २०० एमबीचे पुस्तक आत नीट तुकड्यांत असेल तर सुरळीत चालते आणि ३ एमबीचे पुस्तक एकाच फाइलीत कोंबले असेल तर रीडर धापा टाकतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. समजा आत आधीच चार मोठ्या फाइली असतील, तर चार खंड करून प्रत्येक खंडात तीच एक अवाढव्य फाइल राहील. एकही सेकंद वाचणार नाही.

मराठी पुस्तकांत हा त्रास लवकर होतो, त्याला कारण आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हे. 'महाराष्ट्र' हा शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइट. कॅलिबर हा संगणकावरचा ई-पुस्तकांचा मोफत प्रोग्रॅम ईपब बनवताना २६० केबीपेक्षा मोठी फाइल आपणहून तोडतो. ही मर्यादा जुन्या अडोबी इंजिनांमुळे (इंजिन म्हणजे रीडरमधला पाने मांडणारा प्रोग्रॅम) आली, ३०० केबीच्या पुढची फाइल त्यांना झेपत नसे. इंग्रजीत २६० केबी म्हणजे चाळीस हजारांहून जास्त शब्द. मराठीत साधारण १२-१३ हजार. शिवाय जोडाक्षरे जुळवणे, रफार योग्य जागी नेणे, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणे ही कामेही यंत्राला प्रत्येक ओळीसाठी करावी लागतात.

आता अंदाज बांधण्यापेक्षा फाइल उघडून बघू. संगणकावर कॅलिबरमध्ये पुस्तकावर उजवी टिचकी, 'एडिट बुक'. मग 'टूल्स' मेनूतून 'रिपोर्ट्स'. तिथे फाइली आकाराप्रमाणे लावता येतात. मला एवढे सांगा:

१. मजकुराच्या फाइली किती आणि सर्वांत मोठी केवढी?
२. चित्रे किती, सर्वांत मोठ्या चित्राची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये किती? (केबी नको, पिक्सेलच हवेत.)
३. फॉन्ट किती?
४. अनुक्रमणिकेत नोंदी किती?
५. एका अभंगाचा कोड बघा. साधे परिच्छेद आहेत की टेबल?

पाचवा मुद्दा विसरू नका. 'विभागात पुढे जावे तसा वेळ वाढतो' हे तुम्ही लिहिलेले लक्षण मला तिकडेच बोट दाखवते.

---

ओवीवाचक

आकडे काढले.

मजकुराच्या फाइली ४, आकार ३.१ ते ३.६ एमबी. चित्रे ९२, त्यांतली बरीचशी ३०२४ × ४०३२ पिक्सेल, रंगीत जेपेग. फॉन्ट ४, मिळून १.९ एमबी. अनुक्रमणिकेत साडेचार हजारांच्या आसपास नोंदी, प्रत्येक अभंगाला एक, सगळ्या एकाच पातळीवर. आणि हो, टेबल आहे. डाव्या रकान्यात अभंग, उजव्या रकान्यात अर्थ. प्रत्येक फाइलीत सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच टेबल आहे.

---

अक्षरजुळारी

सापडला चोर. एक नव्हे, तीन आहेत: टेबल, अवाढव्य चित्रे आणि लांबलचक अनुक्रमणिका. पण मुख्य टेबलच.

साधा परिच्छेद असेल तर रीडर वरून खाली ओळी मांडत जातो, पान भरले की थांबतो. टेबलाचे तसे नाही. रकान्यांची रुंदी ठरवायची तर प्रत्येक घरातला मजकूर मोजावा लागतो. तुमच्या फाइलीत हजारभर अभंगांचे एकच टेबल आहे. पहिले पान दाखवण्यापूर्वी इंजिनला हजार अभंग आणि हजार अर्थ मोजायचे आहेत. अक्षरांचा आकार बदलला की सगळे मोजमाप रद्द, पुन्हा पहिल्यापासून. ५१२ एमबी रॅममध्ये यंत्रणेचा वाटा गेल्यावर जे उरते त्यात हे मावत नाही, म्हणून रीस्टार्ट.

वेग सोडा, सहा इंची पडद्यावर दोन रकाने वाचायलाही वाईट. एका रकान्यात तीन-चार शब्द मावतात, मग लांब शब्द तुटतात किंवा मधली जागा फाटते. अभंग वर आणि अर्थ खाली हीच मांडणी इथे शोभते.

करायचे असे. मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवा. मग कॅलिबरमध्ये 'कन्व्हर्ट बुक्स', वर उजवीकडे आउटपुट फॉरमॅट ईपबच ठेवा. हो, ईपबचे पुन्हा ईपब.

'लुक अँड फील' विभागात 'लिनिअराइज टेबल्स' हा पर्याय आहे, त्यावर खूण करा. टेबल मोडून घरे वाचनाच्या क्रमाने एकाखाली एक येतात: अभंग, त्याचा अर्थ, पुढचा अभंग. तुमच्या टेबलात एका ओळीत एक अभंग आणि त्याचाच अर्थ असेल तर क्रम बरोबर येईल. कुणी अख्खा डावा रकाना एकाच घरात कोंबला असेल तर आधी सगळे अभंग आणि मग सगळे अर्थ अशी दैना होते, म्हणून पहिली दहा पाने तपासा.

'ईपब आउटपुट' विभागात 'स्प्लिट फाइल्स लार्जर दॅन' समोर २६० ऐवजी २०० लिहा. शून्य लिहिले तर तोडणेच बंद होते, ते करू नका. याहून खूप लहान तुकडेही नकोत. ३०-४० केबीचे शेकडो तुकडे केले तर दर काही पानांनी नवी फाइल उघडण्याचा हिसका बसतो.

आकारावर तोडण्यात एक खोट आहे. कॅलिबर तुकडा अभंगाच्या मध्यावरही पाडू शकतो आणि तिथे पान अर्धे कोरे दिसते. तुमचा हिशेब बघा: चार फाइली मिळून साडेतेरा एमबी, अभंग साडेचार हजार, म्हणजे एका अभंगाला अर्थासह ३ केबी. ७५ अभंगांची एक फाइल केली तर ती २२५ केबीची होईल आणि एकूण ६० फाइली. हातासरशी होणारे काम आहे, तासाभराचे. आधी फक्त टेबल मोडून घ्या ('स्प्लिट'मध्ये मोठा आकडा, समजा ५०००, टाकून), मग 'एडिट बुक'मध्ये उजवीकडच्या प्रिव्ह्यूमध्ये दर ७५ अभंगांनंतर पुढच्या अभंगाच्या शीर्षकाशी 'स्प्लिट' करा. एडिटर आतले दुवे स्वतः दुरुस्त करतो, त्यामुळे अनुक्रमणिका मोडत नाही.

एक सूचना. झिप उघडून, फाइली बदलून, नेहमीच्या झिप प्रोग्रॅमने पुन्हा बांधू नका. ईपबमध्ये 'माइमटाइप' नावाची छोटी फाइल सर्वांत पहिली आणि न दाबलेली असावी लागते. ते चुकले की काही रीडर पुस्तक ओळखतच नाहीत. एडिटरमधून जतन केले तर ही काळजी उरत नाही.

---

पडदा_सहा_इंची

वरच्या प्रतिसादाशी सहमत. चित्रांबद्दल भर घालतो.

३०२४ × ४०३२ म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख पिक्सेल. जेपेग म्हणून ती फाइल अर्ध्या एमबीची दिसेल, पण पडद्यावर आणायची तर उलगडावी लागते. रंगीत असल्याने दर पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे ३६ एमबीहून जास्त रॅम एका चित्राला. आणि दाखवायचे कुठे? साडेपंधरा लाख पिक्सेलच्या, करड्या रंगाच्या १६ छटांच्या पडद्यावर. उलगडून मग लहान करायचे, हे काम यंत्र दर वेळी त्या पानावर आले की करते.

तेच चित्र १०७२ × १४२९ करून करडे केले तर रॅममध्ये दीड एमबी. डोळ्यांना फरक दिसत नाही. चित्र मोठे करून बघायचे असेल, समजा हस्तलिखिताचा फोटो आहे, तर १६०० पिक्सेल रुंदी ठेवा. त्यापुढे नको.

कॅलिबरमध्ये 'पॉलिश बुक्स'खाली 'लॉसलेसली कॉम्प्रेस इमेजेस' आहे, पण त्यावर विसंबू नका. ते फाइलचे वजन थोडे उतरवते, पिक्सेल तेवढेच राहतात, त्यामुळे रॅमचा भार जसाच्या तसा. रूपांतर करतानाच 'पेज सेटअप' विभागात आउटपुट प्रोफाइल तुमच्या पडद्याच्या मापाशी जुळणारी निवडा, मोठी चित्रे त्या मापात उतरतात. 'टॅब्लेट' प्रोफाइल निवडली तर चित्रांना हात लागत नाही. अनेकांची चूक इथेच होते.

फॉन्टचे काम सोपे. चार कशाला? देवनागरीत तिरपे अक्षर कुणी वाचत नाही. साधा आणि ठळक हे दोन ठेवा, बाकीचे दोन काढा आणि सीएसएसमधला त्यांचा उल्लेखही पुसा. मग 'पॉलिश बुक्स'मध्ये 'सबसेट ऑल एम्बेडेड फॉन्ट्स'. पुस्तकात न लागणारी अक्षरे फॉन्टमधून जातात. त्यानंतर ही जोडाक्षरे शोधून डोळ्यांनी तपासा: क्ष, ज्ञ, द्ध, ष्ट्र, ह्म आणि दऱ्या-सुऱ्यामधला ऱ्य. यातले एखादे सुटे पडून हलन्तासह दिसले तर सबसेट रद्द करून मूळ फॉन्ट परत घाला. ३०० केबी वाचवण्यासाठी अभंगाचे अक्षर मोडणे परवडणार नाही.

रीडर कोणता आहे त्यावरही थोडे अवलंबून आहे. कोबो कंपनीच्या रीडरवर साधी ईपब अडोबीच्या इंजिनात उघडते आणि केपब, म्हणजे कोबोसाठीची खास ईपब, कोबोच्या स्वतःच्या इंजिनात. मराठी मजकुराला केपब बरी. रूपांतरासाठी केपबिफाय हे छोटे मोफत साधन आहे, कॅलिबरमधूनही होते. मात्र केपब बनवताना प्रत्येक वाक्याभोवती एक टॅग चढतो, फाइली फुगतात. म्हणून आधी टेबल मोडणे, तुकडे करणे आणि मगच केपब. उलट क्रमाने केलेत तर त्या टॅगांच्या जंगलात हात घालावा लागेल.

किंडलवर ईपब थेट कॉपी करून उघडत नाही. 'सेंड टू किंडल'ने पाठवा किंवा कॅलिबरमधून एझेडडब्ल्यू-३ (किंडलचा फाइल प्रकार) करून केबलने टाका. ईमेलने पाठवायची मर्यादा ५० एमबी आहे, ५४ एमबीची ही फाइल तिथे अडेल. वेबसाइटवरून २०० एमबीपर्यंत जाते. आणखी एक: नवे पुस्तक टाकल्यावर किंडल शोधासाठी त्याची सूची बनवत बसते. मोठ्या पुस्तकाला त्यात बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळेच मंद चालते. एकदम शे-दोनशे पुस्तके टाकली असतील तर चार्जरला लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी वेग बघा. त्याआधी काढलेला कोणताही निष्कर्ष खरा धरू नका.

---

जुनीपोथी

अनुक्रमणिकेबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. साडेचार हजार नोंदी एका पातळीवर असल्या की रीडरला ती यादी उघडताना सगळ्याच्या सगळ्या वाचाव्या लागतात. काही रीडर तर पुस्तक उघडतानाच ती वाचतात आणि प्रत्येक नोंद कुठल्या पानावर येते याचा हिशेब लावतात. ४० सेकंदांतला काही वाटा तिचा असणार.

अभंग शोधण्याची आपली जुनी पद्धत उत्तम आहे: पहिल्या चरणाची अकारविल्हे सूची. छापील गाथांच्या शेवटी असते तशी. ती मजकूर म्हणून पुस्तकात घाला, 'अ'ची वेगळी फाइल, 'क'ची वेगळी, प्रत्येक चरण त्या अभंगाला दुव्याने जोडलेला. यंत्राच्या अनुक्रमणिकेत मग फक्त साठ विभाग आणि अक्षरांच्या सूची, मिळून शंभराच्या आत नोंदी. एडिटरमध्ये 'टूल्स', 'टेबल ऑफ कंटेंट्स', 'एडिट' इथे जुन्या नोंदी एकदम निवडून काढता येतात आणि 'जनरेट टीओसी फ्रॉम मेजर हेडिंग्ज'ने नव्या बनवता येतात. त्यासाठी विभागाचे नाव एच-१ (सर्वांत वरच्या पातळीचे शीर्षक) मध्ये आणि अभंग क्रमांक एच-४ मध्ये असावा.

तळटीपांचेही बघा. पाठभेदांच्या टीपा बहुधा शेवटी एकाच फाइलीत असतात. टीपेवर बोट ठेवले की रीडर ती पूर्ण फाइल उलगडतो आणि एका ओळीची टीप दाखवतो. टीपांची फाइल एमबीच्या पुढे असेल तर तिचेही विभागवार तुकडे करा.

---

कोरीवअक्षर

एक दुरुस्ती. वर 'रीडर फक्त चालू विभाग उलगडतो' असे आले आहे, ते कोरीडर (रीडरवर वेगळा टाकता येणारा वाचनाचा मोफत प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना लागू नाही. कोरीडरमधले सीआर-इंजिन पूर्ण पुस्तक एका दमात मांडते, त्यामुळेच ते सबंध पुस्तकाची खरी पानसंख्या सांगू शकते. पहिल्यांदा उघडताना मोठ्या पुस्तकाला वेळ लागणारच, तुकडे केले तरी. पण मांडून झाले की ते सगळे कॅशमध्ये (तयार मांडणीच्या साठ्यात) लिहून ठेवते आणि दुसऱ्या वेळी पुस्तक दोन-चार सेकंदांत उघडते.

म्हणून कोरीडरवर तीन गोष्टी पाळा. कॅशसाठी साठवणीत जागा मोकळी ठेवा; जागा नसेल तर कॅश लिहिली जात नाही आणि दर वेळी पहिल्यापासून मांडणी होते. 'रोज उघडताना तेवढाच वेळ' असे कुणी म्हणाले की मी आधी हेच विचारतो. दुसरे, फॉन्ट, आकार, समास आणि ओळींतले अंतर एकदाच ठरवा. यातले काहीही बदलले की पुन्हा मांडणी. तिसरे, अलीकडच्या आवृत्त्यांत 'पार्शल रीरेंडरिंग' असा पर्याय आहे. तो चालू असेल तर बदल केल्यावर आधी चालू विभागच मांडून दाखवला जातो, बाकीचे मागे चालू राहते. हा पर्याय मात्र तुकडे केलेल्या पुस्तकातच उपयोगी पडतो. म्हणजे ६० फाइलींचे श्रम इथेही वाया जात नाहीत.

टेबल मोडणे सगळ्यांनाच लागू, इंजिन कोणतेही असो.

---

शब्दकोशप्रेमी

याच धाग्यात विचारतो, विषय जवळचाच आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती इंटरनेट आर्काइव्हवरून पीडीएफ स्वरूपात घेतली. पान यायला ८-१० सेकंद लागतात. ही स्कॅन असल्याने तुकडे करण्याचा प्रश्न नाही. मग काय करावे? मार्जिन कापायला के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे पीडीएफ रीडरजोगी करण्याचे साधन वापरून पाहिले, 'नेटिव्ह' पर्याय निवडून. अक्षर मोठे झाले, वेग तोच.

---

जुनीपोथी

'नेटिव्ह'मुळेच. त्या पर्यायात मूळ पानाचे चित्र जसेच्या तसे राहते, फक्त 'एवढाच भाग दाखव' अशी सूचना पीडीएफमध्ये लिहिली जाते. रीडर आधी संपूर्ण चित्र उलगडतो आणि मग कापतो. काम कमी झालेच नाही.

स्कॅन पीडीएफचा हिशेब सरळ आहे. ए-४ पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल, म्हणजे ८७ लाख. ६०० डीपीआयला ३ कोटी ४८ लाख. रंगीत असेल तर एक पान रॅममध्ये १०४ एमबी. पडदा साडेपंधरा लाख पिक्सेलचा. म्हणजे ६०० डीपीआयच्या पानात रीडर बावीस पट जास्त माल उचलतो आणि फेकून देतो. त्यातच आर्काइव्हच्या पीडीएफमध्ये पानाची पार्श्वभूमी जेपेग-२००० मध्ये आणि अक्षरे वेगळ्या थरात असतात. डाउनलोड लहान ठेवायला ती पद्धत चांगली, पण जेपेग-२००० उलगडणे साध्या जेपेगपेक्षा बरेच जड आहे. संगणकाला जाणवत नाही, ई-रीडरच्या लहान प्रोसेसरला जाणवते.

तेव्हा 'नेटिव्ह' बंद करा आणि पाने नव्याने चित्र म्हणून बनवू द्या. उपकरणाचे माप १०७२ × १४४८ भरा, रंग बंद. कोश दोन रकानी आहे. रकाने दोन असल्याचे सांगितले की साधन डावा रकाना आधी आणि उजवा नंतर असा लावते, अक्षरही वाचण्याजोगे येते. शब्द गुंडाळून नव्याने ओळी पाडण्याचा पर्याय मात्र कोशासाठी बंद ठेवा. इंग्रजी आणि देवनागरी एकाच ओळीत आहेत, ओळीची उंची चुकते आणि मात्रा वरच्या ओळीत जातात. आधी १० पानांवर प्रयोग करा, सगळा कोश एकदम लावू नका.

दुसरा रस्ता काळ्या-पांढऱ्याचा. फक्त छापील मजकूर असेल, चित्रे नसतील, तर १ बिट आणि ३०० डीपीआय ठेवून सीसीआयटीटी जी-४ दाबणी (चित्राची फाइल लहान करण्याची पद्धत) वापरा. असे पान उलगडून ११ लाख बाइटच्या आसपास, झटकन येते. स्कॅन टेलर या प्रोग्रॅममध्ये पाने सरळ करून, डाग पुसून घेता येतात. इथे देवनागरीला दोन धोके आहेत. काळे-पांढरे करताना उंबरा (कोणती छटा काळी, कोणती पांढरी ही सीमा) चुकला तर शिरोरेषा तुटते. आणि 'डाग पुसणे' जास्त ठेवले तर अनुस्वार जातात. कोशात अनुस्वार गेला तर शब्दच बदलला, म्हणून डाग पुसणे सर्वांत कमी पातळीवर ठेवा.

जेबीग-२ दाबणीत 'लॉसी' पर्याय कधीही निवडू नका. तो एकसारखी दिसणारी अक्षरे एकच समजून एकाचा ठसा दुसऱ्याच्या जागी वापरतो. २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही स्कॅनर-कॉपियरमध्ये याच प्रकाराने कागदपत्रांतले आकडे बदललेले आढळले होते. आपल्या लिपीत ब-व, घ-ध, भ-म इतके जवळ आहेत की चूक झाली तर कळणारही नाही.

पानावरचा शोध हवा असेल तर हे लक्षात ठेवा की नवी चित्रे बनवली की जुना ओसीआरचा थर (चित्रातून ओळखलेला शोधण्याजोगा मजकूर) जातो. शोधायची प्रत संगणकावर, वाचायची प्रत रीडरवर, असे दोन ठेवणे बरे.

---

ओवीवाचक

सर्वांचे मनापासून आभार. जे केले ते असे: टेबल लिनिअराइज, दर ७५ अभंगांना तुकडा, चित्रे १०७२ रुंदीची आणि करडी, फॉन्ट दोन आणि सबसेट केलेले. अनुक्रमणिकेत सध्या फक्त ६० विभाग, अकारविल्हे सूची सावकाश बनवेन.

फाइल ५४ वरून ११ एमबीवर आली. उघडायला ४ सेकंद, पान एका सेकंदाच्या आत, अक्षरांचा आकार बदलायला २-३ सेकंद. जोडाक्षरे तपासली, सगळी शाबूत आहेत.

दोन शंका उरल्या. जुन्या फाइलीत दोनशेवर खुणा आणि टिपणे आहेत, ती नव्या फाइलीत आणता येतील का? आणि दर पाच-सहा पानांनी पडदा काळा होऊन उजळतो, तेवढा अर्धा सेकंद कसा वाचवावा?

---

अक्षरजुळारी

खुणा आपोआप येणार नाहीत. रीडर खूण 'अमुक फाइलीत अमुक जागी' अशी लक्षात ठेवतो, आता त्या फाइलीच बदलल्या. जुनी प्रत रीडरवरून काढण्याआधी टिपणे मजकूर म्हणून बाहेर काढा, काही यंत्रांवर पुस्तक पुसले की टिपणेही जातात. मग अभंग क्रमांकावरून नव्या प्रतीत हाताने लावा. यापुढे फाइलीत काही दुरुस्ती करायची असेल, ती अकारविल्हे सूचीसुद्धा, तर खुणा करायला बसण्यापूर्वी करा, नाहीतर हेच काम पुन्हा.

काळा होऊन उजळणे म्हणजे पूर्ण रिफ्रेश. ई-इंकमध्ये आधीच्या पानाची पुसट छाया उरते, ती झटकण्यासाठी आहे. सेटिंगमध्ये 'दर किती पानांनी' हे बदलता येते. निव्वळ मजकुराला दर विभागाला एकदा पुरते. चित्रांच्या पानांनंतर छाया जास्त उरते, तिथे दर पानाला ठेवा.

थंडीत पान हळू उलटत असेल तर फाइलीत दोष शोधू नका. शाईचे कण ज्या द्रवात तरंगतात तो गारठ्यात घट्ट होतो आणि यंत्र मुद्दाम सावकाश चालते. खोलीत थोडा वेळ ठेवले की पूर्ववत होते.

---

पडदा_सहा_इंची

विकत घेतलेल्या, डीआरएम असलेल्या पुस्तकात असा त्रास असेल तर ही कात्री चालवता येत नाही, फाइल उघडतच नाही. तिथे प्रकाशकाला लिहावे, पण 'पुस्तक हळू चालते' एवढेच लिहू नये. कोणता विभाग, उघडायला किती सेकंद, कोणता रीडर, त्याच रीडरवर दुसरे पुस्तक कसे चालते, आणि अभंग-अर्थ दोन रकान्यांत दिसत असतील तर तेही. ईपब बनवणाऱ्याला एवढ्यावरून टेबल ओळखता येते, आणि त्याच्याकडे मूळ फाइल असल्याने दुरुस्ती त्याच्यासाठी सोपी असते.